खारे वारे, मतलई वारे

एकतीस वर्षे मी रत्नागिरीच्या एका शाळेत भूगोल शिकवला. त्या एकतीस वर्षांत 'खारे वारे व मतलई वारे यांतील फरक स्पष्ट करा' हा प्रश्न मी किती वेळा काढला असेन, याची गणती नाही. तीन गुणांचा प्रश्न. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा तिची जागा घ्यायला येते, ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते आणि सारा प्रकार उलटा होतो, ते मतलई वारे. दोन आकृत्या, दोन बाण, एका आकृतीत सूर्य आणि दुसरीत चंद्र काढला की तीनपैकी तीन गुण. माझ्या वर्गाची खिडकी समुद्राकडे उघडत असे. दुपारी तिच्यातून वारा आत आला की मुलांच्या वह्यांची पाने फडफडत, खडूची भुकटी उडे. तेव्हा खिडकी लावून घेऊन मी वारे शिकवीत असे.

या वाऱ्यांच्या जिवावर चालणाऱ्या होडीत मी उभ्या जन्मात एकदाही बसलो नव्हतो. समुद्रकाठी जन्म गेला, तरी माझा समुद्राशी संबंध मासळी-बाजारापुरता आणि पाहुण्यांना सूर्यास्त दाखवण्यापुरता. ही लाज मला निवृत्त होऊन सात वर्षे झाल्यावर वाटू लागली, आणि तीही माझी मला वाटली नाही, नातीने वाटायला लावली.

माझी मुलगी मस्कतला असते. गेल्या संक्रांतीला, म्हणजे १४ जानेवारी २०२६ रोजी, बारा वर्षांच्या नातीने फोनवर 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हणायचे सोडून एका जहाजाचे चित्र पाठवले. दोन चौकोनी शिडे, फुगीर पोट, जणू पुराणातल्या पोथीतून सुटून आलेले. त्याच दिवशी ते मस्कतच्या बंदरात लागले होते. 'कौंडिण्य' त्याचे नाव. अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातल्या एका चित्रकाराने रंगवलेल्या जहाजावरून ते आपल्या नौदलासाठी गोव्यात बांधले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. आणि त्याला इंजिन नाही. २९ डिसेंबरला ते पोरबंदरहून निघाले आणि नुसत्या शिडांवर अरबी समुद्र ओलांडून गेले.

"आजोबा," नात म्हणाली, "हे जहाज डिझेलचा एक थेंबसुद्धा न जाळता आलं. तुम्ही का नाही येत असे?"

मुले असे काही विचारतात तेव्हा थोरांनी हसायचे असते. मी हसलो. पण तिने पुढे हिशेबच मांडला. एक लिटर डिझेल जाळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे तिला शाळेत शिकवले होते. लिटरभर डिझेलचे वजन किलोभरसुद्धा नाही, मग धूर पावणेतीन किलो कसा, अशी शंका तुम्हांला येईल. ती मलाही आली होती. पण डिझेलमधला कार्बन हवेतला प्राणवायू घेऊन जातो व त्याचे वजन त्यात भरते. हे उत्तर देताना माझ्यातला मास्तर सुखावला आणि आजोबा अडकला. कारण त्या प्रश्नाचे दुसरे टोक माझ्याकडेच होते. शेवटची दहा वर्षे मी याच मुलांना हवामानबदलाचा धडा शिकवला होता. २००९चे 'फयान', २०२०चे 'निसर्ग', २०२१चे 'तौक्ते', ही वादळे आमच्या किनाऱ्याने पाहिली होती. माझ्या अंगणातला फणस 'तौक्ते'च्या दिवशी गेला.

त्या रात्री मी कपाटातला जुना अॅटलास काढला. रत्नागिरी ते मस्कत, पट्टीने मोजून, सुमारे नऊशे सागरी मैल. हिवाळ्यात ईशान्येकडून मोसमी वारे. हाही धडा मी शिकवलेलाच. अरबस्तानात जाणारी आपली जुनी गलबते याच वाऱ्यावर जात आणि नैऋत्येच्या वाऱ्यावर परत येत. अॅटलासच्या निळ्या रंगावर लाटा नसतात, हे एक बरे असते. दोन तासांत मी मस्कतला पोहोचलोसुद्धा!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वकीलसाहेबांना बेत सांगितला. ते माझ्याहून तीन वर्षांनी मोठे, कोर्टातून निवृत्त, आणि कुठल्याही बेताला पहिल्या भेटीत 'हो' म्हणणारे. आमच्या पडवीत बैठका सुरू झाल्या. पहिल्याच बैठकीत मस्कतचे मालवण झाले. रत्नागिरीहून पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड, आचरा करीत मालवण. सगळे मिळून पन्नास-साठ सागरी मैल. दोन म्हाताऱ्यांना तेवढे पुष्कळ आहे, असे सौ. चहा ठेवता ठेवता म्हणाली. ती आणखीही काही म्हणणार होती असे मला वाटले. पण ती आत गेली.

मालवण तर मालवण. पण जायचे ते इंधनाचा कणही न जाळता, असे आम्ही ठरवले, आणि तेथून आमचे सोवळे सुरू झाले.

माझी आजी सोवळ्यात नळाचे पाणी घेत नसे. का, तर नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते. विहिरीचे पाणी चाले. मोट मात्र चामड्याची, हे तिला कोणी सांगितले नव्हते. आमचेही तसेच झाले. इंजिन नको हे सोपे. पण शीड कसले? आजकालचे शिडाचे कापड खनिज तेलापासून काढलेल्या धाग्याचे. मग सुती घ्यावे. दोर नायलॉनचा नको, काथ्याचा. होडी फायबरची नको, लाकडाची. तशी एक मिळालीही. अठ्ठावीस फुटी, मालकाने इंजिन काढून विकलेली, दोन पावसाळे शाकारलेली. पण तिच्या बुडाला डांबर! डांबर कोठून येते? वकीलसाहेब डोके धरून बसले. स्वयंपाकाला गॅस नको, म्हणून नारळाच्या करवंट्यांची शेगडी. रात्री दिवा लावणे भाग, तो सूर्याच्या विजेवर. पण सूर्याची वीज धरणारी ती काचेची पाटी ज्या कारखान्यात झाली, तो कशावर चालतो?

"असं करत गेलो तर आपण नागवे पोहत जाऊ," मी म्हटले.

शेवटी वकीलसाहेबांनी निवाडा दिला : जी वस्तू आधीच झालेली आहे ती चालेल, पण धक्क्यावरून निघाल्यापासून धक्क्याला परत लागेपर्यंत काही जाळायचे नाही. निवाडा ऐकून मला आजीच्या विहिरीची आठवण झाली, पण मी गप्प बसलो. आमच्याहून थोरांचीही यातून सुटका झालेली नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये स्वीडनची ती मुलगी, ग्रेटा थुनबर्ग, इंग्लंडातील प्लिमथहून न्यूयॉर्कला शिडाच्या नावेतून गेली. विमानाचा धूर नको म्हणून पंधरा दिवस लाटांवर काढले. तर लोकांनी शोधून काढलेच, की नाव परत आणायला जाणारे खलाशी विमानाने जाणार! मला त्या पोरीची बाजू घ्यावीशी वाटते. सोवळे पूर्ण पाळता येत नाही म्हणून ओवळ्यातच लोळावे, असे थोडेच आहे?

या साऱ्या खलात सौ.ने एकच अट घातली. "ती अंगात घालायची तरंगती जॅकेटं प्लॅस्टिकची असोत नाहीतर रॉकेलची असोत, ती घातल्याशिवाय धक्क्यावरून पाय उचलायचा नाही." निवाडा झाला. जॅकेटे आली, नारिंगी रंगाची. ती घालून आम्ही दोघे पडवीत उभे राहिलो तेव्हा समोरच्या घरातली मुले पाहायला आली.

वाऱ्याला परवाना लागत नाही, माणसाला लागतो. २००८ सालच्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातून आले, तेव्हापासून किनाऱ्यावरची प्रत्येक होडी कोणाची, तिच्यात कोण, हे पाहिले जाते. पाहिले जावे हे बरोबरच आहे. आम्ही एका कचेरीत अर्ज घेऊन गेलो. अर्जात रकाना होता : 'इंजिनाचा क्रमांक व अश्वशक्ती'. आम्ही लिहिले, 'नाही'. खिडकीतल्या तरुणाने अर्ज परत केला. "नाही कसं? काहीतरी लिहा." वकीलसाहेब म्हणाले, "अहो, वारा आहे." तो म्हणाला, "मग वाऱ्याची अश्वशक्ती लिहा." तो चेष्टा करीत होता की नाही, हे अजून मला कळलेले नाही. आणखी खाली एक रकाना होता : 'परत येण्याची तारीख व वेळ'. मी मोठ्या ऐटीत लिहिले होते, 'वाऱ्याप्रमाणे'. त्याने त्याखाली लाल रेघ ओढली.

परतीच्या वाटेवर वकीलसाहेबांना स्फुरण चढले. रिक्षात बसवून ते मला कायदा सांगू लागले. देशभर मोकळेपणाने फिरण्याचा हक्क घटनेच्या एकोणिसाव्या कलमात आहे. पण देशाबाहेर जाणे हा हक्क की सरकारची मेहेरबानी, हे मात्र १९६७पर्यंत नक्की नव्हते. पासपोर्ट देणे न देणे सरकारच्या मर्जीवर. सतवंत सिंग साहनी नावाच्या एका व्यापाऱ्याचा पासपोर्ट सरकारने परत मागितला, आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सांगितले, की परदेशी जाणे हा एकविसाव्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, कायद्यावाचून ते काढून घेता येत नाही. मग त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. पुढे १९७८मध्ये मेनका गांधींच्या खटल्यात न्यायालय म्हणाले, की नुसता कायदा असून भागत नाही, त्याची रीतही न्याय्य हवी.

"आणि कायद्याच्या आधी शास्त्र होतं," वकीलसाहेब म्हणाले. "समुद्र ओलांडला की माणूस बाटला. प्रायश्चित्त घ्या, नाहीतर पंक्तीला बसू नका. तशा काळात १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या. अठरा वर्षांची पोर! नवरा मागे राहिला आणि बायको अमेरिकेला शिकायला गेली. याला म्हणतात प्रवासाचं स्वातंत्र्य."

हे सारे मी घरी येऊन सौ.ला जेवताना सांगितले. ती म्हणाली, "आमटी गार होतेय."

आता आम्हांला वारा शिकवणारा माणूस हवा होता. राजिवड्याचे एक चाचा आहेत. वय पंचाऐंशी, लहानपणापासून गलबतावर, पुढे स्वतःच्या होडीवर तांडेल. त्यांचा नातू माझा विद्यार्थी. त्याच्याबरोबर ते आमच्या पडवीत आले, आणि आल्या आल्या त्यांनी वर छपराकडे पाहिले.

"मास्तर, ही कौलं मंगलोरची ना?"

मी होय म्हटले. आजोबांच्या वेळची कौले.

"मग शिडावरच आली असणार. आम्हीही हीच आणायचो. मंगलोरला भरायची, इथे उतरवायची, उरलेली मुंबईला."

साठ वर्षे मी ज्या छपराखाली झोपतो, ते छप्परच वाऱ्यावर आलेले, आणि मी अॅटलास घेऊन वारा शोधीत होतो!

चाचांनी माझ्या आकृत्या दुरुस्त केल्या. पुस्तकात खाऱ्या वाऱ्याचा बाण किनाऱ्यावर सरळ आदळतो. आमच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात तो वायव्येकडून तिरका येतो. मतलई पहाटे भरात असते, दिवस वर आला की दमते. मग तास-दोन तास वारा नाहीच, पाणी तेलासारखे. दुपारी बाराच्या पुढे खारा वारा उठतो आणि सूर्य बुडाला की बसतो. दक्षिणेला जाताना हा वायव्येचा वारा पाठीशी, म्हणून मालवण सोपे. परत येताना तोच तोंडावर. मग पहाटेच्या मतलईवर जमेल तितके वर चढायचे, आणि दुपारी एक तिरकी रेघ समुद्राकडे, एक तिरकी रेघ किनाऱ्याकडे, अशी शिवण घालीत यायचे. जायला दोन दिवस लागले तर यायला किती, हे विचारायचे नाही.

"हेच तर हवंय!" मी म्हणालो. मला फार उत्साह आला होता. "चाचा, हीच तर खरी मोकळीक. घड्याळ नाही, तेल नाही, पंप नाही. वारा नेईल तसं जायचं."

चाचांनी पान तोंडात टाकले. ते बराच वेळ चघळत राहिले. मग बोलले ते मी माझ्या भाषेत देतो. त्यांच्या बोलीतला कोकणी नाद मला लिहिता येणार नाही.

"मी सतरा वर्षांचा होतो. मंगलोरहून कौलं भरून येत होतो. पूर्णगडच्या बाहेर वारा पडला. पडला तो पडलाच. मतलई नाही, खारा नाही. रात्री इथला दीपगृहाचा दिवा दिसायचा. दिसायचा, विझायचा, दिसायचा. गलबत भरलेलं, वल्ह्यांना दाद देईना. दोन रात्री तसेच. घरी आई आजारी होती, हे मला निघताना ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी वारा आला, धक्क्याला लागलो. तिला आदल्या संध्याकाळी पुरलं होतं."

पडवीत कोणी बोलले नाही. मी कौलांकडे पाहिले.

"पुढे होडी घेतली, इंजिन बसवलं. त्या दिवशी मी त्या इंजिनाला हार घातला, नारळ फोडला. बायको म्हणाली, देव आहे का तो? मी म्हटलं, तू बघ. तेव्हापासून सांगून गेलो त्या वेळेला घरी आलो. मास्तर, तुम्ही मोकळीक म्हणता. आम्हांला इंजिन ही मोकळीक वाटली."

मी बेत सोडायचे ठरवले. तसे म्हणालोही. आमचा हा सारा खेळ, नारिंगी जॅकेटे, करवंट्यांची शेगडी, डांबराचे सोवळे, एकदम पोरकट दिसू लागला. ज्यांना दुसरा उपाय नव्हता त्यांचे हाल, ते मी हौस म्हणून करायला निघालो होतो.

तर चाचाच रागावले. "सोडायचं कशाला? समुद्र आता पूर्वीचा नाही, हे मलाही दिसतं. फयानच्या वेळी आमच्या वाड्यातली माणसं गेली. नोव्हेंबरात असं वादळ माझ्या बापाने पाहिलं नव्हतं. डिझेलचा खर्च तर असा, की पोरं समुद्रात जाऊन कर्ज घेऊन येतात. पुन्हा शीड शिकायला लागेल कोणाला तरी. तुम्ही शिका. पण माझी एक अट. माणूस आजारी पडला, तर पहिली दिसेल त्या इंजिनाच्या होडीला हात करायचा, दोर टाकायचा. सोवळं तिथं संपलं. कबूल असेल तर मी येतो सुकाणूवर पूर्णगडपर्यंत. नसेल तर तुमचं तुम्ही बघा."

कबूल केले. आणि निघायचे तेही कार्तिकात नाही, वादळांचे दिवस सरल्यावर, मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या चांदण्यात, असे चाचांनीच ठरवले.

त्या रात्री भांडी आवरून सौ. पडवीत येऊन बसली. चाचांचे बोलणे तिने दाराआडून ऐकले होते.

"परत कधी येणार?" तिने विचारले.

"तेच तर सांगता येत नाही," मी म्हणालो. आणि खरे सांगायचे तर चाचांची गोष्ट ऐकूनही माझ्या बोलण्यात थोडी ऐट उरलीच होती. तिला मी जोशुआ स्लोकमची हकीगत सांगितली. हा बोस्टनचा कप्तान १८९५च्या एप्रिलमध्ये सदतीस फुटी 'स्प्रे' नावाच्या शिडाच्या नावेतून एकटा निघाला आणि पृथ्वीला वळसा घालून १८९८च्या जूनमध्ये परत आला. जगात पहिला. तीन वर्षे! इंजिन नाही, आणि घड्याळ म्हणजे एक स्वस्तातले टिनाचे.

"त्याची बायको कुठे होती?"

याचे उत्तर मला ठाऊक होते, म्हणून मी जरा घुटमळलो. त्याची दुसरी बायको आधीच्या एका सफरीत त्याच्याबरोबर गेली होती आणि हाल काढून आली होती. या वेळी ती घरी राहिली. पुढे काही वर्षांनी स्लोकम पुन्हा असाच एकटा निघाला, तो परत आलाच नाही. हेही मी सांगून टाकले.

सौ. काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जाते, येईन तेव्हा येईन, असं मला एकदा तरी म्हणता आलं का हो?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच मला बोलता येईना. चाळीस वर्षांत ती जिथे जिथे गेली, तिथून परत यायची वेळ आधी ठरलेली. देवळात गेली तर दिवेलागणीच्या आत. बाजारात गेली तर माझी शाळा सुटायच्या आत. माहेरी चिपळूणला गेली तर परतीच्या एस.टी.चे तिकीट जाताना हातात. मी समुद्रातले वारे सांगत होतो. घरातल्या घड्याळाला मी कधी चावी दिली नव्हती, ती तीच देत होती.

ती आत गेली आणि कपाटातून एक लहानशी निळी वही घेऊन आली. तिचा पासपोर्ट. २०१४ साली नात व्हायची होती तेव्हा काढला होता. बाळंतपणाला मस्कतला जायचे ठरले होते. त्याच महिन्यात माझी आई घसरून पडली आणि अंथरुणाला खिळली. सौ. गेली नाही. मी जाऊन आलो, आठ दिवस, शाळेची रजा काढून. मग आईचे आजारपण सहा वर्षे चालले. मग ती साथ आली. मग माझे डोळ्याचे ऑपरेशन. २०२४मध्ये पासपोर्टची मुदत संपली. मी पाने उलटली. पहिल्या पानावर तिचा फोटो, केस अजून काळे, आणि पुढची सारी पाने कोरी.

सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली दिलेला हक्क आमच्या घरात दहा वर्षे कपाटात, पातळांच्या घडीखाली पडून होता.

"मी जाते मस्कतला," ती म्हणाली. "विमानाने. तुम्ही या तुमच्या होडीतून मालवणला जाऊन."

विमानाने म्हटल्यावर माझ्या हातून एक चूक झाली. मी वहीकडे पाहिले. ज्या वहीत मी आमच्या सफरीचा इंधनाचा हिशेब मांडला होता, आणि प्रत्येक रकान्यात मोठ्या अभिमानाने शून्य लिहिले होते, ती वही. तिने ते पाहिले.

"लिहा," ती म्हणाली. "माझं खुशाल लिहा त्यात."

मी लिहिले नाही. लिहायला हवे होते की नको, हे मला अजून ठरवता आलेले नाही. धूर तो धूरच; कोणाच्या वाटचा आहे हे हवेला कळत नाही, हा माझाच धडा. पण त्या वहीतल्या शून्यांचा भार कोणी उचलला होता, तेही कुठे तरी मांडायला हवे होते, आणि तसा रकाना मी आखला नव्हता. नातीला फोनवर सांगितले तेव्हा वाटले होते की ती तरी आजीला टोकेल. ती म्हणाली, "आजी येऊ दे. तिचं मागचं बाकी आहे."

पावसाळ्यात आम्ही दोघे पासपोर्टच्या कामाला गेलो. तिथेही रकाने होतेच, पण परत येण्याच्या तारखेचा नव्हता. भाद्रपदात नवा पासपोर्ट आला. मुलीने तिकीट काढले आहे, भाऊबिजेनंतरचे. परतीची तारीख आहे, पण हवी तेव्हा बदलता येईल अशी. हे 'बदलता येईल' सौ.ने मुलीकडून दोनदा विचारून घेतले.

इकडे आमची तयारीही चालली आहे. रोज पहाटे पाचला वकीलसाहेब आणि मी चाचांच्या नातवाबरोबर खाडीच्या तोंडाशी जातो. मतलई अंगावर येते. ती जमिनीचा वास घेऊन येते, ओल्या गवताचा, चुलीच्या धुराचा, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. शीड चढवताना माझे तळहात सोलले आहेत. काथ्याच्या दोराने सोलले म्हणून मी नायलॉनचा दोर घेतला आहे, आणि वकीलसाहेबांनी त्यावर आक्षेप घेतलेला नाही. एकदा भर खाडीत वारा पडला आणि आम्ही दीड तास एका जागी बसून होतो. धक्का हाकेच्या अंतरावर. त्यावरची माणसे ओळखू येत होती. मला पूर्णगडच्या बाहेरच्या त्या दोन रात्री आठवल्या. मग आम्ही वल्ही काढली.

अर्ज पुन्हा भरला आहे. अश्वशक्तीच्या रकान्यात चाचांनी सांगितल्याप्रमाणे 'वल्ही चार' असे लिहिले, ते मंजूर झाले. परत येण्याच्या तारखेच्या जागी तारीख घातली, चार दिवस जास्तीचे धरून.

आज सौ. फराळाची भाजणी भाजायला बसली आहे. सारे घर खमंग वासाने भरले आहे. यंदा माप वाढले आहे. एक वाटा घरचा, एक मस्कतचा, एक होडीचा.

"होडीवर किती दिवसांचं लागेल?" तिने आतून विचारले.

"जायला दोन, यायला पाच-सहा... आठ दिवसांचं धर," मी म्हणालो. आणि सवयीने पुढे विचारून गेलो, "तुझ्याबरोबर किती दिवसांचं घेतेयस?"

उलथण्याचा आवाज जरा थांबला, आणि पुन्हा सुरू झाला. उत्तर काही आले नाही.